ओटीतलं कार्ड

आमच्या घरात आधी हात उठतो, मग तोंड उघडतं. आमचे पूर्वज माळव्यातून तलवारी घेऊन आले असं वडील, आमचे बाबाजी, सांगत. तलवार आम्ही कुणी पाहिली नाही, हात मात्र सगळ्यांना वारसाने मिळाले. बाबाजी धानाच्या बांधीत बैलांना मारत, घरी येऊन आईला मारत आणि राग उरलाच तर आम्हा दोघी बहिणींना. मी थोरली. त्यांचं रक्त माझ्यात जास्त उतरलं. शाळेत मी एका मुलाचा दात पाडला, तेव्हा बाबाजींनी मला शिक्षा करायच्या ऐवजी हातावर गुळाचा खडा ठेवला होता. धाकटी आईवर गेली. ती मार खायची आणि गप्प बसायची, आणि त्यालाच आमच्याकडे चांगलं वळण म्हणत.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण झाले आणि कुडव्याला दोन खोल्या बांधून राहू लागले. धाकटीचं लग्न बाबाजींनी ठरवलं. मुलगा राइस मिलचा इंजिनियर. आमच्या गोंदियाची माणसं गिरण्या उभारायला कुठंकुठं जातात, तसा हा आफ्रिकेत टांझानियाला गेला होता. मोरोगोरो नावाच्या गावात कुणा भारतीय मालकाची भाताची गिरणी तो सांभाळायचा. टांझानिया नकाशात कुठं येतं हे बाबाजींना माहीत नव्हतं, पण कोहमाऱ्याच्या ढाब्यावर बसून 'फॉरेनचा जावई' म्हणताना त्यांची छाती फुगून यायची.

ही दोन हजार बारा-तेराच्या सुमाराची गोष्ट. लग्नानंतर पहिल्यांदा ती दोघं दिवाळीला आली. जावई गोंदियाला आपल्या आईकडे उतरला आणि धाकटीला सौंदडजवळच्या आमच्या गावी सोडून गेला. आईने तिला न्हाऊ घालायला पाटावर बसवलं आणि पाठीला तेल लावता लावता किंचाळली. मी धावत गेले. तिच्या पाठीवर इस्त्रीचा डाग होता. इस्त्रीचं टोक कुठं होतं आणि मागची बाजू कुठं, तेसुद्धा कळत होतं.

बाबाजींना बोलावलं. त्यांनी डाग पाहिला आणि तिलाच विचारलं की तू काय केलं होतंस. ती म्हणाली, बसने शहरातल्या देवळात जायला पैसे मागितले. बाबाजींनी तिच्या कानाखाली वाजवली. नवऱ्याकडे पैसे मागतेस, तुला कमी काय आहे तिथं, असं ते ओरडत होते. ओल्या केसांनी ती पाटावरून खाली पडली. भिंतीला बैल हाकायची तुतारी, टोकाला खिळा ठोकलेली काठी, टांगलेली होती. मी ती काढली. ती त्यांच्या पाठीत घालायची होती मला, खरंच घालायची होती. पण आई मधे आली, म्हणून मी ती गुडघ्यावर मोडली आणि दोन्ही तुकडे अंगणात फेकले. त्या दिवशी घरात कुणी जेवलं नाही.

संध्याकाळी मी धाकटीला म्हटलं, जाऊ नकोस, कुडव्याला माझ्याकडे राहा. ती म्हणाली, "तो सुधरेल, ताई. आन माझा पासपोर्ट त्याच्यापाशी आहे. बाबाजी मले इथं राहू देतील का?" मला तिचा इतका संताप आला की मीच तिच्या एक ठेवून दिली असती. मग तिच्याकडे पाहिलं आणि हात खाली घेतला. बाबाजी मारणार, नवरा मारणार, त्यात मी तिसरी कशाला. मी तिच्या नवऱ्याला मारून मारून किती मारणार होते? तो तिला पुन्हा समुद्रापलीकडे नेणार होता. माझा हात गोंदियाच्या बाहेर पोचत नव्हता. तिच्या हातात मात्र काहीतरी असलं पाहिजे होतं. बसचं तिकीट काढायला तिच्याकडे एक पैसा नव्हता, आणि ज्या बाईकडे भाड्याचे पैसे नाहीत ती डाग दाखवायला तरी कुठं जाणार?

दुसऱ्या दिवशी साड्या घ्यायच्या म्हणून आम्ही दोघी गोंदियाला गेलो आणि माझ्या पगाराच्या बँकेत जाऊन बसलो. तिथला अधिकारी मास्तरांना क्रेडिट कार्ड घ्या म्हणून बरेच दिवस मागे लागलेला होता. बाहेरदेशात चालणारं कार्ड पाहिजे म्हटल्यावर त्याचा चेहरा खुलला. "टूर पे जा रहे हो मॅडम?" म्हणाला. मग सुरू झाला. या कार्डावर पॉइंट मिळतात, त्या कार्डावर विमानतळावरच्या लाउंजमध्ये फुकट चहा-नाश्ता मिळतो. मी टेबलावर हात आपटला. त्याच्या पेनांचं स्टँड कलंडलं. मी म्हटलं, मार खाऊन पळालेल्या बाईला चहा देतात का तुमच्या लाउंजमध्ये? धाकटीने मान खाली घातली. अधिकाऱ्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, पेनं गोळा केली आणि त्यानंतर कामाचं बोलला.

मी एकेक कार्ड घासाघीस करावी तसं विचारून घेतलं. डेबिट कार्ड दिलं तर ते थेट माझ्या खात्याला भिडलेलं. नवऱ्याने हिसकावून, मारून पिन काढून घेतला तर माझं खातं साफ, आणि तो हिसकावणार यात मला शंका नव्हती. परकीय चलन आधीच भरून नेतात ते कार्ड बरं वाटलं, पण त्याला प्रवास करणाऱ्याचा पासपोर्ट, व्हिसा, तिकीट सगळं लागतं. पासपोर्ट नवऱ्याच्या खिशात. शिवाय त्यात डॉलर भरायचे आणि तिथं शिलिंग काढायचे, म्हणजे दोनदा बदलणावळ. राहिलं क्रेडिट कार्ड. दुकानात वापरलं तर परदेशी व्यवहाराचा वरखर्च लागतो. मशीनमधून रोकड काढली तर फी वेगळी आणि व्याज त्याच दिवसापासून. रोकड काढायची मर्यादाही कार्डाच्या मर्यादेपेक्षा कितीतरी कमी. अधिकारी म्हणाला, "कॅश मत निकालना मॅडम, बहुत महंगा पड़ता है. स्वाइप करो."

त्याचा सल्ला टूरवाल्यांसाठी चांगलाच होता. मी विचारलं, जिला जीव घेऊन पळायचं आहे, तिच्याकडून रिक्षावाला कार्ड घेतो का? मग खुर्ची पुढे ओढून त्याने सांगितलं की माझ्या कार्डावर बहिणीच्या नावाचं एक पूरक कार्ड निघू शकतं. नाव तिचं, बिल माझं, आणि कार्ड कुठंही वापरलं तरी मेसेज माझ्या मोबाइलवर. तिच्या नवऱ्याच्या कार्डावर तिचं कार्ड असतं तर ती कोणत्या मशीनपाशी उभी आहे हे त्याला तिच्याआधी कळलं असतं. इथं ते फक्त मला कळणार होतं. कार्ड त्याच्या हाती लागलं तर एका फोनवर मी ते बंद करू शकत होते. आणि मी कार्डात आगाऊ पैसे भरून ठेवले, तर तिने रोकड काढली तरी ते आपलेच पैसे, व्याज चढणार नाही, फक्त फी लागेल. आणि त्याने बजावून सांगितलं, परदेशातलं मशीन कधीकधी रुपयांत हिशेब करू का विचारतं. तेव्हा नाही म्हणायचं, तिथल्याच पैशांत घ्यायचं, नाहीतर मशीनवाला मनमानी भाव लावतो.

धाकटीने सही केली. बाहेर पडल्यावर मी तिला सांगितलं की पिन बाबाजींच्या लुनाचा नंबर ठेवीन. ती लुना बाबाजींनी आम्हा दोघींना शिकवताना आम्ही कालव्यात घातली होती आणि त्याबद्दल दोघींनी मार खाल्ला होता. तो नंबर ती विसरणं शक्य नव्हतं. त्या दिवसांत ती पहिल्यांदा हसली.

त्यांना सोडायला आम्ही सगळे गोंदियाच्या स्टेशनवर गेलो. गाडी यायची होती. जावयाने पिशवी उचलायला सांगितली, धाकटीला ती लवकर उचलता आली नाही, आणि सगळ्यांच्या देखत त्याने तिचा दंड असा चिमटीत धरून पिळला की ती पायांच्या बोटांवर उभी राहिली. तोंडावर मात्र हसू होतं त्याच्या. मी पायातली चप्पल काढली आणि त्याच्या तोंडावर मारली. पुन्हा मारली. त्याचा ओठ फुटला. हमाल धावले, बाबाजींनी माझी वेणी धरून मला मागे ओढलं, आई मटकन खाली बसली. गाडी आली. त्याने रुमालाने ओठ पुसला, धाकटीला डब्यात ढकललं आणि खिडकीतून शांतपणे म्हणाला, "याचं मी तिथं पाहतो, ताई."

त्याने शब्द पाळला. पोचल्यावर थोड्याच दिवसांत मी कुडव्याच्या रस्त्यावर भाजी घेत होते तेव्हा त्याचा फोन आला. म्हणाला, ऐका. आणि फोन चालू ठेवून त्याने तिला मारलं. पट्ट्याचा आवाज येत होता. ती ओरडत नव्हती, ते जास्त भयंकर होतं. तोंड दाबून धरल्यासारखा एक आवाज येत होता फक्त. मी भर रस्त्यात त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. भाजीवाली पाहत राहिली. त्याने हसून फोन ठेवला. मारायला समोर कुणी नव्हतं, म्हणून मी विजेच्या खांबावर मुठी हाणल्या. नंतर बरेच दिवस फळ्यावर मी डाव्या हाताने लिहीत होते, आणि मुलं एकमेकांकडे पाहत होती.

बहिणीचं कार्ड तोवर कुरियरने येऊन माझ्या कपाटात पडलं होतं. मी गोंदियाच्या मशीनवर जाऊन पिन बदलला, बँकेला फोन करून परदेशातली रोकड चालू करून घेतली, आणि पगारातून उरेल ते दर महिन्याला त्यात भरू लागले. सगळं तयार होतं. फक्त कार्ड तिच्या हातात नव्हतं. तिच्या नावाने काहीही पाठवलं तरी ते गिरणीच्या पत्त्यावर जायचं आणि तो ते आधी फोडायचा. आईने पाठवलेला मुगाच्या वड्यांचा डबासुद्धा त्याने उलटा करून पाहिला होता.

मग बातमी आली की धाकटीला दिवस गेले आहेत. तिची सासू गोंदियाहून तिकडे निघाली.

ही सासू म्हणजे रीतिरिवाजाची पक्की. सोवळं-ओवळं, वार-तिथी, कुणाच्या हातचं काय घ्यायचं, सगळं तिच्या बोटांवर. आई पापड-लोणची घेऊन कुडव्याला माझ्याकडे आली होती; ती घ्यायला सासू आली तेव्हा तिने प्रत्येक पुडी उघडून वास घेतला. आम्ही तिच्या लेकावर काही करणी पाठवू अशी तिला भीती होती. पापडांत कार्ड घालायचा माझा बेत तिथंच बारगळला. रागाने मी स्वयंपाकघरात येऊन भांडी आदळायला लागले. आई चुलीपुढे बसली होती. ती आयुष्यात फारसं बोललेली बाई नाही. ती म्हणाली, "चोरओटी पाठवते न मी. ओटीची गाठ विहीणबाई नाही सोडत."

पहिल्या महिन्यांत, अजून गावभर बातमी फुटलेली नसते तेव्हा, माहेरची बाई गुपचूप ओटी भरते. तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी, खणात बांधून. ती गाठ पोटुशीनेच सोडायची. दुसऱ्या कुणी सोडली तर गर्भाला धोका, असं आमच्याकडच्या बाया मानतात आणि ही सासू तर त्यात पहिली. मी आईकडे पाहतच राहिले. इतकी वर्षं मार खाऊन जी बाई गप्प बसली, तिच्या डोक्यात हे आलं होतं.

मी कार्ड प्लॅस्टिकमध्ये नीट गुंडाळून आईला दिलं आणि शाळेची वेळ झाली म्हणून निघाले. ओटी आईने बांधली. आईने नंतर सांगितलं, सासूने ती दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि कपड्यांच्या बॅगेत नाही, खांद्याच्या झोळीत ठेवली. विमानात मांडीवर घेऊन बसते म्हणाली. लेकाच्या घरचा सुरुंग ती स्वतःच्या मांडीवर घेऊन निघाली होती, आणि खरं सांगते, मला त्याचा आसुरी आनंद झाला.

काही दिवसांनी जावयाने स्पीकरवर ठेवलेल्या फोनवर आईने मुद्दाम सांगितलं की ओटी एकटी असताना सोड. धाकटी म्हणाली, "तांदूळ चांगले आहेत, आई." बस्स. त्यानंतर काहीच नाही. माझा मोबाइल वाजला की मी हातातलं काम टाकून धावायचे. कर्जाच्या जाहिराती, रिचार्जच्या ऑफरी, आणखी काय काय. तिचा मेसेज नाही. मी आईवर चिडायचे, बँकेवर चिडायचे, शेजारणीच्या कोंबड्यांना दगड मारायचे.

तो मेसेज आला तेव्हा मी पाचवीला अपूर्णांक शिकवत होते, दुपारच्या सुट्टीच्या जरा आधी. फोन टेबलावर थरथरला. इंग्रजीत लिहिलं होतं की माझ्या पूरक कार्डावरून मोरोगोरोत रोकड काढली गेली आहे. आकडा शिलिंगमध्ये होता, शून्यांची ही मोठी रांग. मला त्यातलं एवढंच कळलं की ती त्या घराच्या बाहेर आहे, एका मशीनपुढे उभी आहे आणि तिच्या हातात पैसे आहेत. मी खुर्चीत बसले आणि मुलांपुढे हमसून हमसून रडले. मुलांना वाटलं, माझ्या घरी कुणी गेलं.

मग त्याचा फोन आला. कुठे आहे ती, तुम्हीच काहीतरी केलं, मी पोलिसात जातो. त्याचा आवाज कण्हल्यासारखा होता. मी म्हटलं, जा, आणि पाठीवरच्या इस्त्रीचंही सांग त्यांना. त्यानंतर बराच वेळ दुसरा मेसेज नव्हता. मी शाळेतून घरी आले, कढी लावली, ती उतू गेली. संध्याकाळी फोन पुन्हा थरथरला. दार-ए-सलाममधल्या एका ट्रॅव्हल ऑफिसात कार्ड चाललं होतं. विमानाचं तिकीट. तिने मुंबईचं काढलं असणार. मी आईला फोन केला आणि इतकंच म्हटलं की निघाली.

रात्री तिने कुणाच्या तरी फोनवरून विमान कधीचं ते कळवलं. मुंबईला जाऊन मीच तिला कुडव्याला घेऊन आले. काय झालं ते तिने घरी आल्यावर, दोन दिवस झोपून उठल्यावर सांगितलं.

तिने ओटीची गाठ सोडली, कार्ड पाहिलं आणि परत होतं तसं बांधून देवापाशी ठेवलं होतं. तिथं नवरा हात लावत नसे आणि सासू कुणाला लावू देत नसे. ती वाट पाहत होती पासपोर्टची. तो एका लोखंडी पेटीत कुलपात होता. त्या सकाळी चहात साखर जास्त पडली म्हणून नवऱ्याने तिच्या पोटात लाथ मारली. त्याआधी त्याने पोटावर कधी मारलं नव्हतं. तो आंघोळीला गेला. तिने आईने दिलेल्या खलबत्त्याचा लोखंडी बत्ता घेतला आणि पेटीचं कुलूप तोडलं. आवाज ऐकून तो ओल्या अंगाने बाहेर आला आणि त्याने तिची वेणी धरली. ती सांगत होती आणि तिचा उजवा हात आपोआप वर उठत होता. तिने बत्ता फिरवला. त्याच्या मनगटात काहीतरी कट्कन वाजलं आणि वेणी सुटली. तो खाली बसून ओरडायला लागला तशी तिने आणखी एक त्याच्या गुडघ्यावर घातली. मग देवापाशी जाऊन ओटीची गाठ दातांनी ओढली, तांदूळ सगळे जमिनीवर सांडले, त्यातून कार्ड उचललं आणि पेटीतला पासपोर्ट घेऊन निघाली.

"अन् सासू?" मी विचारलं.

सासू त्याच खोलीत खाटेवर वाती वळत बसली होती. लाथ बसली तेव्हाही ती तिथंच होती. तिने लेकाला आवरलं नाही आणि सुनेलाही अडवलं नाही. फक्त तांदूळ सांडले तेव्हा ती मोठ्याने "अगं" म्हणाली.

भाड्याच्या मोटरसायकलवाल्याला मशीनपाशी पैसे देते म्हणून ती बसली. मशीनने कार्ड आत घेतलं आणि बाहेर फेकलं. पुन्हा घेतलं, पुन्हा फेकलं. मोटरसायकलवाला हॉर्न वाजवत होता, आणि नवरा मागून कधी येईल याचा नेम नव्हता. तिने कार्ड उजेडात धरलं. त्यावरच्या चिपच्या सोनेरी चौकोनावर हळद-कुंकवाचा वाळलेला थर होता. आईने माझं प्लॅस्टिक काढून टाकलं होतं, ओटीत प्लॅस्टिक चालत नाही म्हणून. आणि नवीन वस्तू कोरी कशी पाठवायची, म्हणून बोट ओलं करून त्याला हळद-कुंकू लावलं होतं. कार्डावर कपाळासारखी जागा तीच दिसत होती. धाकटीला हसूही आलं आणि रडूही. ती कार्डावर थुंकली, पदराने घासून घासून पुसलं, आणि मग मशीनने पिन विचारला. तिने बाबाजींच्या लुनाचा नंबर दाबला.

बाबाजी एकदा कुडव्याला आले. दारातच त्यांचा आवाज चढला, हातही उठायला लागला. धाकटी उठून त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली, पोट पुढे, हात बाजूला. त्यांचा हात अर्ध्यातून खाली आला आणि त्यांनी पाणी मागितलं. पुन्हा कधी त्यांनी तिला हात लावला नाही.

तिला सातवा लागला तेव्हा एके सकाळी दारापुढे ऑटो थांबली. सासू उतरली, एकटी. आफ्रिकेहून ती आली होती आणि घरी बॅग टाकून सरळ आमच्याकडे आली होती. मला बाकी काही दिसेनासं झालं. मी चप्पल हातात घेऊनच पायरीवर गेले. म्हातारी आहे, बाई आहे, यातलं काही माझ्या मनात आलं नाही. जी डोळ्यांसमोर पोटावर लाथ बसू देते, तिला मी सोडणार नव्हते.

तिने माझ्या हातातल्या चपलेकडे पाहिलं. मागे सरली नाही. झोळीतून तिने एक पुरचुंडी काढली. आईचाच खण होता, आता नीट गाठ मारलेला. म्हणाली, "सांडले होते. सारे वेचले मी. ओटीचे तांदूळ तिनंच खावं लागतेत."

धाकटी आतून आली होती. तिने पुरचुंडी घेतली. लग्न झाल्यापासून ती सासूला आई म्हणायची. त्या दिवशी ती हाक आली नाही. "तांदूळ ठेवले," ती म्हणाली. "पण तुम्ही घरात येऊ नका."

सासू मान हलवून पायरीवर बसली. ऑटो निघून गेली होती. मी तिच्यासमोर तशीच उभी होते. विचारायचं नव्हतं, पण विचारलं, की ओटीतलं कार्ड तुमच्याच हातून गेलं याची लाज वाटत असेल आता. तिने पदर सारखा केला.

"ओटी मांडीवर घेतली तेव्हाच कोपरा टोचला होता मले," ती म्हणाली. "तांदळाले न हळकुंडाले कोपरे नसतेत, बाई."

चप्पल माझ्या हातातून खाली पडली की मी टाकली, आठवत नाही. मी आत जाऊन धाकटीला ते सांगितलं. तिने तांदूळ निवडले. त्यात तिकडच्या मातीचे लाल खडे होते, हळदीचे पिवळे दाणे होते. तिने दूध तापवून खीर केली. पहिला घास घेताना तिला उमासा आला, पण तिने वाटी संपवली. मग दुसरी वाटी भरून माझ्या हातात दिली आणि दाराकडे बोट केलं.

मी ती बाहेर नेली. सासूने वाटीकडे पाहिलं, हात पुढे करायला गेली आणि तो पुन्हा पदरात घेतला. ओटीचे तांदूळ दुसऱ्याने खायचे नसतात, म्हणाली. दुपारची ऑटो येईपर्यंत ती तिथंच उन्हात बसून राहिली. वाटी तिच्याशेजारी पायरीवर होती. तिने तिला हात लावला नाही, आणि मीही ती उचलून आत आणली नाही.